पहिला कोणता कॉम्प्युटर बदलायचा?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रालगतच्या एका गावातून 29 वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वडिलांचा काजू फोडण्याचा कारखाना आहे, जोडीला हंगामात आंब्याच्या पेट्या वाशीला पाठवण्याचा व्यवसाय. सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करून ती दीड वर्षापूर्वी घरी परतली. ऑफिसात पाच कॉम्प्युटर आहेत. वजनकाट्यापाशी विंडोज एक्सपीचा, दिवाणजींकडे 2012 साली घेतलेला विंडोज 7चा, बँक आणि जीएसटीच्या कामाला 2016 साली घेतलेला विंडोज 10चा, वडिलांचा 2019चा लॅपटॉप, त्यावरही विंडोज 10, आणि तिचा स्वतःचा.

विंडोज 10चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षेची नेहमीची अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तेव्हापासून ती बदलाच्या मागे लागली आहे. एका विक्रेत्याचं साडेतीन लाखांचं कोटेशन तिने आणलं, वडिलांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स सुचवलं, तर बावीस वर्षं हिशेब सांभाळणारे दिवाणजी काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. वडिलांचं म्हणणं एकच: ‘चालतंय ना? मग हात लावू नकोस. गेल्या वेळी काय झालं ते विसरलीस?’ ती लिहिते, ‘मला आठवत नाही, मी तेव्हा शाळेत होते.’ आता तिच्या मनात आहे की पाडव्यानंतर वडील चार दिवस वाशीला जातील, तेव्हा सगळ्यात जुन्या एक्सपीपासून सुरुवात करून पाचही मशीन एकदम बदलून टाकावीत. चालू झालेलं बघितलं की ते मान्य करतील. ती विचारते: माझं चुकतंय का? असं करू का? आणि जमलंच नाही, तर पुण्याला परत जाऊ का?

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाजूने वाचलं, दुसऱ्यांदा दिवाणजींच्या खुर्चीत बसून.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पाडवा लांब नाही. बाबा वाशीला गेले असताना काहीही बदलू नकोस. पाडव्यानंतरचे ते दिवस कसले असतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. काजू बीची खरेदी सुरू, आंब्याच्या पेट्या भरणं सुरू, दलालाच्या पट्ट्या यायला लागलेल्या आणि वर 31 मार्चची वर्षअखेर. वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा तू निवडला आहेस, आणि तोही फक्त घरात विरोध करायला कोणी नसेल म्हणून. समजा चारपैकी एका दिवशी काटा बोलायचा थांबला. तू रात्री जागून तो चालूही करशील. पण बाबांच्या हातात पुढची दहा वर्षं पुरेल असा दाखला येईल, आणि ‘गेल्या वेळी’च्या यादीत तुझं नाव चढेल.

आता ज्या वाक्यावरून तू पुढे निघून गेलीस त्याकडे येते. ‘गेल्या वेळी काय झालं ते विसरलीस?’ तुझ्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य ते आहे, आणि तू त्याला एका ओळीत उत्तर देऊन टाकलंस. काय झालं होतं गेल्या वेळी? हा प्रश्न तू बाबांना विचारलाच नाहीस. वाद घालताना नव्हे, संध्याकाळी ओटीवर चहा घेताना विचार, आणि ते बोलतील तेव्हा मध्ये उपाय सांगू नकोस.

मी अंदाज करू शकते, कारण मीही ती ‘गेली वेळ’ पाहिली आहे. लिहिण्याकडे वळण्याआधी मी एका पतसंस्थेत कारकून होते. आमचे जुने कॉम्प्युटर बदलून नवे आले, नवी विंडोज आली, विक्रेता पेढे खाऊन गेला. सभासदांची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती. त्या काळी प्रत्येक फॉन्टची कळपट्टी वेगळी, आणि अक्षरं साठवायची पद्धतही वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी. म्हणून यादी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच वाचता येणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित केली. नव्वद टक्के नावं सुरेख आली. अडलं ते आपल्या अर्ध्या र पाशी. ‘मिऱ्या’चं ‘मिया’ झालं, ‘कऱ्हाडे’चं ‘कहाडे’. किनाऱ्यावरच्या गावांची आणि आडनावांची यादी ती, तिच्यात असली नावं ओळीओळीला. लाभांशाची पत्रं परत यायला लागली तेव्हा कळलं. तीन महिने आम्ही दोघी जणी लाल शाईचं पेन घेऊन यादी तपासत बसलो होतो, रोजचं काम सांभाळून. विक्रेत्याने मशीन मोजली होती, फाइली मोजल्या नव्हत्या. त्यानंतर आमच्या व्यवस्थापकांनी बारा वर्षं कोणालाही कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त फुंकणं दिसतं.

तू धरून चालली आहेस की बाबा घाबरतात आणि काका आळशी आहेत. मला वाटतं ते दोघं एक हिशेब करत आहेत, फक्त तो त्यांना तुझ्या भाषेत मांडता येत नाही. तो बघायचा असेल तर एका शनिवारी दुपारी चार वाजता काट्यापाशी स्टूल टाकून बस. काजू सोलणाऱ्या बायका आपापला गर घेऊन येतात. डबा काट्यावर ठेवला की आकडा मागच्या नऊ पिनांच्या वायरीतून एक्सपीच्या मशीनमध्ये जातो. तू लिहिलं आहेस की मजुरीचा प्रोग्रॅम जुन्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारा आहे आणि करून देणारा गृहस्थ आता हयात नाही. तो प्रोग्रॅम आठवड्याचे किलो गुणिले दर करतो, उचल वजा करतो, आणि दिवाणजींकडचा डॉट मॅट्रिक्स कर्रकर्र करत कार्बनच्या तीन प्रतींवर चिठ्ठी छापतो. एक बाईला, एक फायलीला, एक बाबांना. ती चिठ्ठी हातात पडली की बाई साडेपाचच्या एसटीला पळते. बाबांच्या डोळ्यांपुढे ही एसटी आहे. तू विंडोज म्हणतेस तेव्हा त्यांना ती सुटलेली दिसते.

आणि ती सुटू शकते, हे तुझ्या शिक्षणामुळे तुलाच सर्वांत आधी दिसायला हवं होतं. विंडोज 11 फक्त 64 बिटची आहे, आणि 64 बिटच्या विंडोजवर 16 बिटचे डॉस प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. म्हणजे मजुरीचा प्रोग्रॅम गेला. नव्या मशीनला नऊ पिनांचं पोर्ट बहुधा नसतं, म्हणून यूएसबीची वायर लावायची. ती लावली की विंडोज तिला कॉम 3 किंवा कॉम 5 असा नंबर देते आणि जुना प्रोग्रॅम कॉम 1कडेच कान लावून बसतो. नंबर बदलता येतो, पण ते माहीत असावं लागतं. बाजारातल्या स्वस्त वायरींमधल्या काही जुन्या चिप विंडोज 11 स्वीकारतच नाही. डॉसचा प्रोग्रॅम छापायला थेट एलपीटी या जुन्या प्रिंटर पोर्टवर पाठवतो, ते पोर्टही नव्या मशीनवर नाही. लेझर प्रिंटर घ्यावा, तर तो कार्बनवर ठोके मारू शकत नाही, तीन प्रती तीनदा छापाव्या लागतात. काकांचं हिशेबाचं टॅली विंडोजसाठीच बनतं. डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या टोकनला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे ते मशीनला ओळखवून देणारा प्रोग्रॅम, लागतो. यातली एकही अडचण न सुटणारी नाही. पण या सात-आठ वस्तू वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या आहेत, प्रत्येकीचं आयुष्य वेगळं, आणि विंडोज त्या सगळ्यांच्या खाली आहे. कौल बदलायला चढावं आणि कुजका वासा हातात यावा, तसं हे होतं. धंदेवाले ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखा पायाचा प्रोग्रॅम, उशिरा बदलतात याचं मुख्य कारण मला हेच दिसतं. सिस्टिमची किंमत त्या मानाने थोडी असते, तिच्यावर टेकलेल्या वस्तूंची मोजावी लागते.

मोठमोठ्यांचंही घोडं इथेच अडलं आहे. विंडोज एक्सपी 2001ची, तिचा सपोर्ट संपला एप्रिल 2014 मध्ये, आणि तुमच्या काट्यावर ती अजून आहे. मधली व्हिस्टा कितीतरी कंपन्यांनी घेतलीच नाही, सरळ विंडोज 7ची वाट पाहिली. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने 2003 मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. सुमारे पंधरा हजार कॉम्प्युटर बदलायला 2013 उजाडलं, आणि 2017 मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. त्याच सुमाराला फ्रान्सच्या जान्दार्मरी या पोलीस दलाने काय केलं ते तू नीट बघ, कारण तुझ्या कामाची गोष्ट तिथे आहे. त्यांनी 2005 मध्ये विंडोज तशीच ठेवून आधी ऑफिसचे प्रोग्रॅम बदलले. मग ब्राउझर आणि ईमेल बदलला. माणसांच्या हाताला त्या खिडक्या ओळखीच्या झाल्यावर 2008 पासून खालची विंडोज काढून उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार घालायला लागले. वरचं आधी, पाया शेवटी. तिथे लिनक्स टिकलं. केरळच्या शाळांतही लिनक्स रुजलं, पण तिथल्या मुलांच्या मागे वीस वर्षांची खतावणी नव्हती.

बाबांच्या बाजूची आणखी एक गोष्ट. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांनी शहाण्यासारखंच वागायचा प्रयत्न केला होता. नवं आलं की लगेच घ्यावं, हा नियम म्हणून वाटतो तितका निर्दोष नाही.

पण बाबांचंही एक गृहीत आहे, आणि हे पत्र तू त्यांना वाचायला दिलंस तर मला ते स्पष्ट लिहायला हवं. ‘चालतंय’ म्हणजे सुरक्षित आहे, असं ते धरून आहेत. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, हेच फसवं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसंच सुरू होतं. फक्त त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट उघडी राहते, आणि ती कुठे आहे हे चोरांना कळत राहतं. 2017च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं व्हायरसासारखं सॉफ्टवेअर आलं, दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी ‘चालतंय’ म्हटलं ते सापडले. आणि जूनमध्ये दुसरा हल्ला आला तो थेट आपल्या किनाऱ्यावर. उरणच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने ठप्प झालं. हा नॉटपेट्या जगभर पसरायला सुरुवात झाली युक्रेनमधल्या कर भरायच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमसारख्याच एका साध्या प्रोग्रॅममधून.

तरीही बाबांना व्हायरस सांगून पटणार नाही असं मला वाटतं. त्यांना खारी हवा सांग. दिवाणजींचं मशीन 2012चं आहे. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, चौदा पावसाळे, विजेचा लपंडाव. एकदा झाकण उघडून त्यांना आतला बोर्ड दाखव, हिरवट बुरशीसारखे डाग आणि गंजलेले स्क्रू दिसतील. हे मशीन विंडोजची वाट न बघता एका दिवशी स्वतःच जाईल, आणि ते शनिवारी गेलं तर? त्या दिवशी दुकानात विंडोज 7चं मशीन मिळणार नाही. जे मिळेल ते आणावं लागेल आणि सगळा बदल एका रात्रीत करावा लागेल, म्हणजे बाबांना ज्याची भीती आहे नेमकं तेच. बदल होणार की नाही हे आता त्यांच्या हातात उरलेलं नाही. तो कोणत्या महिन्यात व्हावा एवढं अजून आहे.

महिन्याचं उत्तर तुमच्या गावातच आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारतात, आणि त्या दोन महिन्यांत इंजिन उघडायचं, जाळी विणायची, फळ्या बदलायच्या. भर हंगामात समुद्रात कोणी इंजिन खोलत नाही. तुमची खरेदीही मेअखेर संपते. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ बाबांकडे मागून घे. तारीख लिहून घे. ‘बघू पावसात’ याला होकार समजू नकोस.

आता क्रम. सगळ्यात जुनं म्हणून तू एक्सपीपासून सुरू करणार होतीस. माझ्या मते ते सर्वांत शेवटी यावं, कदाचित यंदा येऊच नये. मशीन किती म्हातारं आहे यापेक्षा त्याचं दार किती उघडं आहे ते बघ. काट्यावरचं एक्सपी इंटरनेटला जोडलेलं नसेल तर ते नुसतं काटा वाचणारं यंत्र आहे. त्याची नेटवर्कची वायर काढ, यूएसबीची तोंडं चिकटपट्टीने बंद कर, तिथे कोणाचाही पेनड्राइव्ह लागू देऊ नकोस, आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेव. मजुरीचे आकडे आज पेनड्राइव्हने दिवाणजींकडे जात असतील, तर त्या कामाला एक तोंड उघडं ठेव आणि एकच पेनड्राइव्ह राखून ठेव, त्यावर लाल दोरा बांध, आणि तो या दोघांखेरीज कुठल्याही मशीनला लागणार नाही असं ठरव.

पहिलं बदल बँकेचं आणि जीएसटीचं मशीन. सगळा पैसा त्या दारातून जातो आणि सगळे खोटे ईमेल त्याच दारातून येतात. ते 2016चं आहे, म्हणजे विंडोज 11च्या अटींत बसण्याची शक्यता कमी. तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. बाबांचा 2019चा लॅपटॉप मात्र बसू शकेल, मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून बघ. बसला तर बँकेचं काम पाडव्याच्या आधीच त्या लॅपटॉपवर न्यायचं बाबांना विचार. ही एकच गोष्ट मी पावसाळ्याची वाट न बघता कर म्हणेन, कारण तिच्यात काटा नाही, चिठ्ठी नाही, फक्त ब्राउझर आणि सहीचं टोकन आहे. ती बाबांसमोर, त्यांच्याच लॅपटॉपवर होऊ दे.

मग त्या रिकाम्या झालेल्या 2016च्या मशीनवर तुझं लिनक्स आण. पेनड्राइव्हवरून ते डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं, हे तुला ठाऊक आहेच. प्रिंटर सापडतो का, टोकन ओळखतं का, लेबलं छापता येतात का, हे आठवडाभर बघ. काम नुसतं ब्राउझर आणि पत्रव्यवहाराचं असेल तर ते मशीन अजून चार वर्षं सुखाने चालेल. टॅलीच्या मशीनवर मात्र लिनक्सचा हट्ट धरू नकोस. परवाना फुकट मिळाला तरी काकांचे हात पुन्हा तयार करायचा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. ते कीबोर्डकडे न बघता व्हाउचर टाकतात, ती कमाई बावीस वर्षांची आहे.

दिवाणजींचं मशीन जूनमध्ये. नवं घे, पण जुनं उचलून नेऊ नकोस, शेजारच्या टेबलावर चालू ठेव. मजुरीचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतो का ते बघ, बरेच जुने प्रोग्रॅम चालतात. छपाईचा मात्र वेगळा प्रयोग करावा लागेल. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिस या ऑफिसच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडतात, त्यामुळे प्रोग्रॅम मेला तरी आकडे मरणार नाहीत. हे बाबांना उघडून दाखव, नुसतं सांगू नकोस. चार शनिवार दोन्ही मशीनवर मजुरी काढा आणि चिठ्ठ्या जुळवा. चारही शनिवार पैसा न पैसा जुळला, की पाचव्या शनिवारी नव्यावर. टॅलीचा परवाना नव्या मशीनवर घेण्याआधी जुन्यावर तो सरेंडर करावा लागतो, म्हणून ते सर्वांत शेवटी आणि महिन्याची विवरणपत्रं भरून झाल्यावर. जुनं मशीन दिवाळीपर्यंत जसंच्या तसं राहू दे. परतीची वाट दिसत असली की माणसं पुढे जायला तयार होतात.

बॅकअपचं एक. ‘घेतलाय’ असं सगळेच सांगतात. दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलाय का, ते विचार. आणि एक प्रत त्या इमारतीबाहेर ठेव. 22 जुलै 2021ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात जातील अशा जागा कितीतरी होत्या. मामाकडे, मावशीकडे, कुठेही उंचावरच्या घरी ठेव.

पैशाचं बोलायचं तर साडेतीन लाखांचं कोटेशन बाबांनी ड्रॉवरमध्ये टाकलं ते बरंच केलं. पाच मशीन एकदम बदलायची गरज नाही हे आता तुलाही दिसलं असेल. विंडोज 10ला विकतचा वाढीव सपोर्ट मिळतो. घरगुती मशीनना तो 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे, व्यवसायांना जास्तीत जास्त तीन वर्षं. पण व्यवसायाला पहिल्या वर्षी दर मशीन 61 डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, आणि दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्याचे भरावे लागतात. तीन वर्षांचे 427 डॉलर होतात. 2016च्या मशीनवर एवढा पैसा घालू नये असं माझं मत आहे. ज्या वाचकांचं एखादं महागडं यंत्र विंडोज 10वर अडकलं आहे, त्यांनी मात्र हा पर्याय जरूर बघावा, एक वर्ष विकत घेणं कधीकधी योग्यच असतं.

आणखी एक गोष्ट, तुझ्याबरोबर इतरांनाही सांगते, कारण ती कोणी पत्रात लिहीत नाही. मशीनवरची विंडोज परवान्याची आहे का, हे तपासा. पूर्वी गावोगावी कॉम्प्युटर बसवून देणाऱ्यांनी बिनपरवान्याच्या प्रती घातल्या आणि पकडलं जाऊ नये म्हणून अपडेट बंद करून ठेवले. मालकाला पत्ताही नसतो. मग घरातलं तरुण माणूस ‘अपडेट का नाही करत’ म्हणून भांडतं आणि वडील गप्प बसतात, कारण त्यांना अर्धवट संशय असतो. असं निघालं तर घरात पंचनामा करू नका. नव्या मशीनबरोबर परवाना घ्या आणि विषय संपवा. विंडोज 7वर बँकेची साइट नीट उघडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनाही सांगते, बँकेला बोल लावण्याआधी ब्राउझर बघा. क्रोमने 2023च्या सुरुवातीपासून विंडोज 7ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं आहे.

काकांबद्दल. ते दोन दिवस बोलले नाहीत, हे तुला लागलं आहे. लिनक्स म्हणजे काय हे त्यांना माहीत नसेल, पण वाक्याचा अर्थ त्यांना कळला: तुमचं येणं आता उपयोगाचं नाही. तू तसं म्हणाली नव्हतीस, तरी त्यांना तसंच ऐकू गेलं. त्यांच्याकडे एक कोरी वही घेऊन जा. सकाळी मशीन सुरू केल्यापासून शनिवारच्या शेवटच्या चिठ्ठीपर्यंत ते काय काय करतात ते त्यांच्या शब्दांत लिहून घे. कुठली कळ दोनदा दाबावी लागते, कागद कुठे अडकतो, मार्चमध्ये कुठला आकडा हाताने दुरुस्त करावा लागतो. करून देणारा गेला, तेव्हा तो प्रोग्रॅम आता फक्त काकांच्या डोक्यात पूर्ण आहे. ते उद्या आजारी पडले तर तुमच्याकडे मशीन असेल आणि चालवणारा नसेल. विंडोज 10पेक्षा मला या गोष्टीची जास्त काळजी वाटते. आणि त्या चार शनिवारी चिठ्ठ्या जुळवायचं काम त्यांचं असू दे. ‘जुळल्या’ हा शब्द त्यांच्या तोंडून बाबांनी ऐकायला हवा.

तुझं चुकतंय का, हा पहिला प्रश्न होता. धोका तू बरोबर ओळखलास, घरात तुझ्याखेरीज तो कोणाला दिसला नव्हता. मशीनचा क्रम आणि महिना तेवढा चुकला.

पुण्याला परत जायचं का? पाडव्याच्या आत हे ठरवू नकोस. आधी त्या शनिवारी चार वाजता काट्यापाशी बसून बघ, आणि ‘गेल्या वेळी’ची गोष्ट बाबांकडून ऐकून घे. ती ऐकल्यावर मला पुन्हा लिही. काय झालं होतं, हे मलाही ऐकायचं आहे.